तुमचा षड्ज कुठला?

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात एका आडतीवर मी एकवीस वर्षं दिवाणजी आहे. हळदीचा ढीग पडला की शेठ आधी मला हाक मारतात. ढिगाच्या पोटातून एक कांडी काढायची, कानाजवळ न्यायची आणि दोन्ही अंगठ्यांनी मोडायची. पक्की वाळलेली असेल तर धातूवर धातू आपटल्यासारखा कडक आवाज निघतो. आत ओल असेल तर कांडी आधी जराशी वाकते आणि मग दबकी तुटते. वरचं पॉलिश कितीही पिवळंधमक असो, हा आवाज लपत नाही.

एवढा कान कमावलेला असूनही पहिलं वाद्य मी नुसत्या डोळ्यांनी बघून घेतलं, याची खंत मला अजून आहे.

गाण्याकडे मी नर्सीमुळे आलो. नामदेव महाराजांचं नर्सी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून सप्ताहाला जायचो. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घालून उभं असतं आणि पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पस्तिशीच्या आसपास एका रात्री दोन ते चारचा पहारा माझ्याकडे आला. मंडपात चार-पाच माणसं, तीही पेंगुळलेली. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातातल्या वीणेच्या तारा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. दिवसभर मृदंग आणि टाळांच्या गजरात ते कुणाच्या कानाला लागत नव्हतं. मला मात्र ते दोन तास सोसवेना. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या एका निवृत्त संगीतशिक्षकांकडे गेलो आणि म्हणालो, गुरुजी, मला तार जुळवायला शिकवा. ते म्हणाले, आधी सा लावायला शिका. गाणं तिथून सुरू झालं.

चार वर्षांनी, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण झाल्यावर, घरी एखादं वाद्य हवं असं वाटू लागलं. गुरुजींचं मत होतं की तानपुराच घ्यावा. ते बरोबरच होतं. पण आमचं घर दोन खोल्यांचं. हंगामात एका खोलीत घरची हळद रचलेली, दुसरीत आम्ही पाच माणसं. भोपळ्याचा तानपुरा ठेवायला निर्धोक कोपरा नव्हता. परभणी आकाशवाणीवर किशोरीताई आमोणकरांचं गाणं लागायचं, त्यात सुरुवातीला आणि मधल्या विसाव्यात तारांची एक सर येऊन जायची. ते काय वाजतं असं गुरुजींना विचारलं तेव्हा त्यांनी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा मांडीवर पेटी घेतलेला फोटो दाखवला. स्वरमंडळ. मांडीवर मावतं, पिशवीत जातं, खुंटीला टांगता येतं. माझं मन तिथेच बसलं.

ज्यांनी ते जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक उथळ पेटी, एक बाजू लांब आणि समोरची आखूड, त्यामुळे एक कड तिरकी. वर तारा एकीशेजारी एक ओढलेल्या. लांब तारा खालच्या सुरांच्या, आखूड होत जातील तशा वरच्या. एका कडेला तारा अडकवायचे खिळे, दुसऱ्या कडेला लोखंडी खुंट्या. खुंटीचं डोकं चौकोनी, त्यावर चावी बसवून पिळायचं. सतारीसारखे पडदे नाहीत, तार दाबायची नाही. एका तारेला एकच सूर. यमन गायचा तर सगळ्या तारा यमनाच्या सुरांत लावायच्या. उद्या भीमपलास गायचा तर गंधार, निषाद कोमल करायचे, तीव्र मध्यम शुद्धावर आणायचा आणि ते दोन-अडीच सप्तकांतल्या प्रत्येक तारेवर करायचं. वाजवायला काही लागत नाही, बोटानं सर काढायची. सगळं काम लावण्यात आहे.

हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी २०१३ मध्ये एका मोठ्या शहरातल्या दुकानातून ३,२०० रुपयांना स्वरमंडळ आणलं. गडद तांबडं पॉलिश, कडेनं पांढरी नक्षी, छत्तीस तारा. दुकानदारानं बोट फिरवून दाखवलं, कानाला गोड लागलं, मी पैसे दिले. घरी पहिल्या रात्री दोन तास बसून भूपाचे सूर लावले. सकाळी निम्म्या तारा उतरलेल्या. पुन्हा लावल्या, संध्याकाळी पुन्हा उतरलेल्या. मला वाटलं माझाच कान कच्चा. तीन महिने तसंच चाललं. गुरुजींनी एकदा चावी हातात घेतली, खुंटी थोडी पिळली आणि चावी काढली, तर खुंटी आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू मागे फिरली. खुंट्या ज्या पट्टीत ठोकल्या होत्या ती पट्टी प्लायवुडची होती. भोकं सैल पडली होती. मे महिन्यात हवा कोरडी झाली आणि वरची फळी मधोमध बसली. छत्तीस तारांचा एकत्र ताण त्या पातळ पेटीला झेपला नाही. त्या तीन महिन्यांत मी स्वतःच्या कानाबद्दल जे वाईट वाटून घेतलं, त्याचं मोल ३,२०० रुपयांहून जास्त आहे. हौशी माणसाला स्वस्तात तकलादू वाद्य दिलं की तो वाद्याला नाव ठेवत नाही, आपल्यालाच गाणं नाही असं धरून बसतो. माझ्या ओळखीतली दोन माणसं अशीच गाणं सोडून गेली.

पुढची साडेचार वर्षं मी फोनमधल्या तानपुऱ्यावर काढली. मग २०१८ च्या जानेवारीत, नवीन हळद यायच्या आधी, शेठनी मला वसुलीच्या कामाला सांगलीला पाठवलं. आमच्या भागातली हळद वर्षानुवर्षं सांगलीच्या बाजारात जात आली आहे, अजूनही जाते. जुने व्यापारी हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांच्या गोष्टी सांगायचे. २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी पेवं गेली. नागपूर–कोल्हापूर गाडी हिंगोलीहून पंढरपूरवरून मिरजेला जाते. वसुली झाली आणि हातात एक दिवस उरला. मी मिरजेत सतारमेकर गल्ली विचारत गेलो.

मिरजेची ही कारागिरी एकोणिसाव्या शतकातली. फरीदसाहेब सतारमेकर हे तिचे मूळपुरुष मानले जातात. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. संस्थानी काळ पालटला तसे तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. तानपुऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूला भीमेकाठी पिकतात. मी रेल्वेतून जो मुलूख बघत आलो होतो, त्याच मुलखातले भोपळे त्या गल्लीत उन्हात वाळत टाकलेले दिसले, आणि हळद वाळत घातलेली अंगणं आठवून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

ज्या दुकानात शिरलो तिथे एक वयस्कर कारागीर मांडीवर तानपुऱ्याची घोडी घासत बसले होते. मी म्हणालो, “चाचा, स्वरमंडळ बघायचंय. सात हजारांच्या आत.” मनात धाकधूक होती की एवढ्या कमी पैशाचं नाव ऐकून ते मान हलवतील. त्यांनी घासणं थांबवलं आणि विचारलं, “बसा की. तुमचा षड्ज कुठला?”

पहिल्या दुकानात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, काळी एक. त्यांनी भिंतीवरची दोन स्वरमंडळं बाजूला सारली. “ही बायकांच्या पट्टीची. काळी चार-पाचच्या तारा आहेत ह्याला. तुम्ही काळी एकला उतरवलीत की तारा ढिल्या पडणार, झणझण करणार. लोक म्हणतात वाद्य खराब. वाद्याचं काय चुकलं?” तारेची लांबी आणि जाडी गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे धरावी लागते, हे त्यांनी एक जाड आणि एक बारीक तार माझ्या बोटांत देऊन समजावलं. बारीक तार फार खाली आणली तर ती सूर धरत नाही, जाड तार फार वर ओढली तर तुटते किंवा पट्टी उचकटते. वाद्य घ्यायला जाताना आपली पट्टी ठाऊक असणं खिशातल्या पैशांइतकंच गरजेचं आहे, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

मग त्यांनी दोन वाद्यं पुढे ठेवली. एक छत्तीस तारांचं, कडेनं वेलबुट्टी, चौदा हजार. दुसरं साधं, अठ्ठावीस तारांचं, नक्षी नाही, पॉलिशसुद्धा फिकट, सहा हजार आठशे. माझी नजर पहिल्यावर गेली हे त्यांनी पाहिलं असणार. मी यावेळी डोळे बाजूला ठेवले. परवानगी विचारली आणि दोन्ही पेट्या पाठीमागून बोटाच्या पेरानं ठोकत गेलो, जसा मी ढिगात हात घालून कांड्या तपासतो तसा, चार कोपऱ्यांना आणि मध्ये. दोन्हींचं लाकूड खणखणीत बोललं, कुठेही दबका आवाज नाही. म्हणजे आवाजात फरक असा नव्हता. जास्तीचे पैसे आठ तारा आणि नक्षीचे होते. खुंट्यांची पट्टी दोन्हीकडे एकाच जातीच्या कठीण लाकडाची. चाचांनी माझ्या हातात चावी दिली. “एक तार अर्धा सूर चढवा, चहा घेऊ, मग बघू.” चहा आला, प्यायलो, गप्पा झाल्या. मी बरोबर नेलेली हळद त्यांना दिली. त्यांनीही एक कांडी मोडून पाहिली आणि हसले. परत तार छेडली तर ती होती तिथेच होती.

“आठ तारा कमी पडणार नाहीत ना?” मी विचारलं. ते म्हणाले, “अभंग, ख्याल गाता ना? खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत मिळतंय. आठ तारा जादा म्हणजे रोज आठ खुंट्या जादा पिळायच्या. दिवसभर काम करून येणार, किती पिळणार?” त्यांच्या त्या हिशेबानं माझा निर्णय झाला. मी साधं घेतलं. वर त्यांनी चार जाडींच्या तारांची एकेक गुंडाळी आणि एक जादा चावी दिली. चावी हरवली की स्वरमंडळ म्हणजे लाकडाचं खोकं, म्हणाले.

ही चार जाडींची तार फार मोलाची निघाली. हिंगोलीत भजनी मंडळांसाठी पेटी, मृदंग, टाळ सहज मिळतात. स्वरमंडळाच्या तारा मिळत नाहीत. वरच्या सप्तकातली तार रात्री नऊ वाजता तुटली तर ती मलाच बदलता आली पाहिजे. पहिली तार बदलायला मला पाऊण तास लागला आणि बोटातून रक्त आलं. आता दहा मिनिटं लागतात. आमच्याकडे फेब्रुवारीपासून यार्डात हळदीची धूळ हवेत असते, ती कपड्यांबरोबर घरात येते आणि तारांखाली फळीवर पिवळा थर धरते. जुन्या दाढीच्या ब्रशनं ती काढायची. पावसाळ्यात तारांना गंज येतो, म्हणून कापडाला शिलाई मशीनच्या तेलाचा नुसता वास लागेल इतकं तेल घेऊन पुसायचं. मे महिन्यात वाद्य पत्र्याखाली ठेवायचं नाही. एक खुंटी तरीही दोन वर्षांपूर्वी सैल झाली. ती काढून भोकात कागदाची बारीक पट्टी घातली आणि परत बसवली, अजून घट्ट आहे.

गुरुजींनी वाद्य पाहिलं, अंगठा फिरवला आणि एक गोष्ट सांगितली, जी मला फार जवळची वाटते. आपल्या मराठवाड्यातच, देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात मत्तकोकिला नावाची एकवीस तारांची वीणा आहे, आणि पुढे टीकाकार कल्लिनाथांनी लिहिलं की लोकांत तिलाच स्वरमंडळ म्हणतात. ‘ऐन-ए-अकबरी’तही एकवीस तारांचं सुरमंडल आहे, आणि अकबराच्या दरबारी वादकांच्या यादीत ते वाजवणारे ग्वाल्हेरचे बीरमंडल खाँ. माझ्या अठ्ठावीस तारा दरबारापेक्षा सात जास्त भरल्या. त्या दिवसापासून छत्तीस तारांची हुरहुर मला कधी लागली नाही.

माझी भाची डब्लिनला एका इस्पितळात परिचारिका आहे. आयर्लंडच्या नाण्यावर हार्प असतं, त्या देशाचं चिन्हच ते. तिला तिथे एकटेपणात ते शिकावंसं वाटलं. तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, “मामा, तू स्वरमंडळ घेताना काय बघितलंस?” ऑर्केस्ट्रातलं मोठं हार्प सत्तेचाळीस तारांचं आणि सात पायपट्ट्यांचं, त्याच्या किमतीचा विचारसुद्धा आपल्याला करवत नाही. हौशी लोक घेतात ते लहान, खटक्यांचं. वरच्या मानेवर प्रत्येक खुंटीखाली एक खटका. तो उचलला की तार अर्ध्या सुरानं चढते, पाडला की परत खाली. जे मी चावीनं करतो ते ती एका बोटानं करते. पण स्वस्त हार्पवर खटके सगळ्या तारांना नसतात, काही ठरावीक तारांनाच असतात, हे तिच्या शिक्षिकेनं तिला सांगितलं होतं. तिच्यासमोर दोन होती: एक नवं, बावीस तारांचं, कोरीवकाम केलेलं, अर्धवट खटक्यांचं, दुसरं कुणाचं तरी वापरलेलं, चौतीस तारांचं, सगळ्या तारांना खटके, पण एका बाजूला ओरखडा.

मी तिला म्हणालो, “फोन तिथे घेऊन जा आणि मला ऐकव. एकेक खटका उचल, बरोबर अर्धा सूर चढतो का बघ. अर्ध्यापेक्षा कमी-जास्त चढत असेल तर विचार, तो दुरुस्त करून मिळतो का. आणि पाठ ठोकून बघ.” तिनं आधी तीन महिने एक भाड्यानं घेऊन पाहिलं, ते मला फार शहाणपणाचं वाटलं, आपल्याकडे ही सोय असती तर मी ३,२०० रुपये घालवले नसते. मग ओरखड्याचं घेतलं. चौतीसपैकी दोन खटके थोडे चढे होते, ते तिनं नीट करून घेतले.

तिच्याकडून मीही एक गोष्ट घेतली. हार्पवर तारांचं रान असतं म्हणून काही तारा रंगीत असतात. पांढरी एकची प्रत्येक तार लाल. संध्याकाळी अपुऱ्या उजेडात माझा सा शोधताना बोट चुकायचं. मी प्रत्येक षड्जाच्या खुंटीला लाल रेशमी दोरा बांधला आणि पंचमाच्या खुंटीला हळदीत भिजवलेला सुती दोरा. तारेचा जो भाग वाजतो त्याला दोरा लागू द्यायचा नाही, एवढं सांभाळलं. आता अंधारातसुद्धा घर सापडतं.

आडतीवरून मी आठला घरी येतो. जेवण, मग स्वरमंडळ. फोनवरच्या तानपुऱ्यातून सा घेतो, लाल दोऱ्याच्या तारा त्याला मिळवतो, मग पंचम, मग गंधार. शेवटच्या तारेला पोचेपर्यंत पहिल्या तारा किंचित उतरलेल्या असतात, कारण ताण वाढला की पेटी थोडी नमते; म्हणून दुसरी फेरी. सगळं मिळून चाळीस मिनिटं जातात आणि गाणं वीस मिनिटं होतं. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. पण मध्यमा पूर्णच्या परीक्षेला मी बागेश्रीचा कोमल निषाद लावला तेव्हा परीक्षकांनी मान वर करून पाहिलं, आणि तो निषाद मी गळ्यात बसवला नव्हता, खुंटीवर बसवला होता. रोज तीन-तीन तारांवर त्याची जागा शोधता शोधता तो गळ्यात उतरला. छत्तीस तारांचं नक्षीदार वाद्य असतं तर मी रोज बसलो असतो का, मला शंका आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वर्षी आमच्या वसमतच्या हळदीलाही. ती बातमी वाचून मी चाचांना फोन केला. त्यांनी आधी तारा ठीक आहेत का ते विचारलं.

गेल्या रविवारी भाचीनं फोन लावला. म्हणाली, “मामा, मालकंस गा, मी सूर देते.” तिचं हार्प पाश्चात्त्य पद्धतीनं लावलेलं, सगळे खटके पाडलेले असतात तेव्हा त्यात माझा काळी एकचा षड्ज सापडत नाही. आम्ही कागदावर हिशेब मांडला. सगळ्या तारांचे खटके वर केले की काळी एकपासून सा, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद हे पाचही सूर तिच्या तारांत येत होते. मालकंस पुरता. रिषभ आणि पंचमाच्या तारा तेवढ्या सोडून द्यायच्या. ती आनंदानं ओरडलीच. मला खटक्यांचा आवाज फोनमधून ऐकू आला, खट्, खट्, खट्, चौतीस वेळा. मिनिटभरात तिचं झालं.

माझ्या स्वरमंडळावर आदल्या रात्रीचा यमन होता.

मी चावी घेतली. तीव्र मध्यम उतरवला, शुद्ध गंधार कोमल केला, पंचमाच्या तारा धैवताकडे चढवायला लागलो. पिवळ्या दोऱ्यांना त्या रात्री काही अर्थ नव्हता. तिनं फोन खिडकीत टेकवून ठेवला, चहा करून आणला, हार्प खांद्याला लावून बसून राहिली. मधूनमधून माझी एखादी तार लागली की तिकडून तोच सूर छेडायची आणि गप्प व्हायची.

“मामा, झालं?”

“खालचा धैवत राहिलाय,” मी म्हणालो.

“राहू दे, लाव नीट. मी थांबते.”